लसींसाठी फ्रिज घेताय? घरगुती, आयएलआर की सोलर

नाशिकमध्ये नवा बालरुग्णालय थाटणारे डॉक्टर असोत, नाहीतर पेठ-सुरगाण्याकडे दवाखाना चालवणारी संस्था, फ्रिज घेताना सगळे आधी विचारतात, मे महिन्यात वीज गेली तर? काळजी रास्तच आहे. तरी माझं मत असं, की आधी लस गोठणार नाही ना ते बघा.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. पोलिओचे थेंब उष्णतेनं लवकर खराब होतात, पण बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेनं रंग बदलणारी खूण, ते सांगतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस, थोडक्यात पेंटा), डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसींना मात्र गारठा जास्त बाधतो. हिपॅटायटिस बी शून्याखाली जेमतेम अर्ध्या अंशाला गोठते. मग तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात, ते वितळल्यावरही सुटत नाहीत. व्हीव्हीएमवर याची काहीच खूण उमटत नाही. लस बाळाला टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि संरक्षण अपुरं राहतं. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

घरगुती फ्रिज स्वस्त पडतो आणि दुरुस्तीला माणूस लगेच मिळतो. बाकी त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं फारसं नाही. फ्रीझरलगत लस गोठायची भीती, दारात तापायची. दार उघडलं की गार हवा खालून निघून जाते. जागतिक आरोग्य संघटना लसींसाठी त्याची शिफारस करत नाही. घ्यावाच लागला तर लसी मधल्या कप्प्यात ठेवा, मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा आणि कुणाचाही डबा आत जाऊ देऊ नका.

आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर) म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसते ती वरून उघडणारी पेटी. आत बर्फाचं अस्तर असतं. गार हवा जड असल्यामुळे झाकण उघडलं तरी आतच राहते. चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी तापमान टिकतं. तळाशी थंडी जास्त असते, म्हणून लसी टोपलीतच ठेवायच्या; हिपॅटायटिस बी आणि पेंटा वरच्या बाजूला. किंमत जास्त, जागाही लागते. तरी शहरातल्या दवाखान्यानं हाच घ्यावा.

नव्या सोलर फ्रिजमध्ये बॅटरी नसते. पॅनलची वीज थेट कॉम्प्रेसरला जाते आणि थंडावा बर्फात साठतो. ऊन नसताना किमान तीन दिवस तापमान टिकावं, असं मानक आहे. वीज बेभरवशाची असलेल्या पाड्यांसाठी उत्तम. मात्र त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे पावसाळ्यात आभाळ किती दिवस भरलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेलचा आकडा लेखी घ्या. शहरात इमारतींच्या सावलीत पॅनल बसवण्यात अर्थ नाही.

कोणताही फ्रिज घ्या, सोबत डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारं यंत्र, हवंच. रविवारी रात्री काय झालं ते सोमवारच्या थर्मामीटरवर दिसत नाही. लस बाहेर न्यायच्या पेटीत, म्हणजे कॅरिअरमध्येही लस गोठते, निफाडच्या थंडीत तर जास्तच जपावं लागतं. आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरू नका. हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे.

तरीही शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच लसीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित बाटलीसोबत हलवायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. संशयित बाटलीतला गाळ तितक्याच वेगानं खाली बसला, तर ती लस वापरायची नाही. घट्ट गोठलेली बाटली हाती लागली तर चाचणीही नको, थेट बाद.