अण्णांच्या दंडाचं माप घेणारा दवाखाना : सांगलीतल्या बीपी-शुगरच्या डॉक्टर मॅडमबद्दल

विश्रामबाग साइडला बीपी-शुगरचा हा दवाखाना आहे, तिथं आम्ही वर्षभर अण्णांना घेऊन जातोय, त्यामुळं एका भेटीवरून लिहीत नाहीये. जरा मोठं होईल, पण ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे आणि बीपीच्या गोळ्या वाढतच चालल्यात त्यांनी पूर्ण वाचा.

अण्णा माझे वडील, वय ७१. मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात दिवाणजी होते, अडतीस वर्षं. आणि त्याआधी तालमीतले, म्हणजे दंड अजून असे की शर्टाची बाही शिंप्याला वेगळी सांगावी लागते. हे मुद्दाम सांगतेय, पुढं कळेल. शुगर बारा-तेरा वर्षं, बीपी त्याच्याही आधीपासून. पूर्वी ज्या ठिकाणी दाखवायचो तिथं जिना चढून गेलं की लगेच आत बोलवायचे, बाहीवरनंच पट्टा गुंडाळायचे, अण्णा बोलत असायचे, मशीन चालू, १७०, १६८, आणि दर वेळेला एक गोळी वाढ. असं करत करत बीपीच्या चार झाल्या. मग एका पहाटे पाचला बाथरूमला उठले आणि दारातच कोसळले, भुवईला तीन टाके. तिथं परत गेलो तर बीपी पुन्हा जास्त, म्हणून अजून एक लिहून देत होते. आईनं तिथंच सांगितलं, आता दुसरीकडं दाखवायचं.

इथं पहिल्याच दिवशी जे बघितलं ते मला आधी कुणी केलेलं माहीत नव्हतं. सिस्टरनं अण्णांना खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, लघवीला जाऊन आलाय का विचारलं, चहा कधी घेतला विचारलं, आणि पाच मिनिटं गप्प बसा म्हणाल्या. आम्हालापण गप्प. मग टेप काढली, शिंप्याकडं असते तसली, आणि दंडाचा घेर मोजला. ३६ सेंटीमीटर. नेहमीचा पट्टा बाजूला ठेवून कपाटातनं मोठा पट्टा काढला. दोन्ही हातांना घेतलं, थोडं थांबून परत घेतलं. १३८. आम्ही एकमेकांकडं बघतोय, कारण आमच्या घरात १७० हाच आकडा गेली तीन वर्षं ऐकलेला.

मग मॅडम स्वतः आल्या, म्हणाल्या "अण्णा, आता उभं राहा बरं, मी धरलंय." एक मिनिट उभं ठेवून परत घेतलं. १०८. बसलेलं आणि उभं यात तीसचा फरक. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीस किंवा जास्त उतरला तर त्याला आजारच धरतात म्हणे. पहाटे का पडले ते त्या एका मिनिटात कळलं, आणि तीन वर्षांत एकदाही कुणी त्यांना उभं करून बीपी बघितलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं.

पट्ट्याचं मी नंतर वाचलं पण. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ ला छापलेल्या अभ्यासात असं निघालं की ज्याला मोठा पट्टा लागतो त्याला नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी पाचनं जास्त येतो, आणि ज्याला त्याहून मोठा लागतो त्याला जवळजवळ वीसनं. म्हणजे पैलवानी दंडाला बारीक पट्टा, त्यात चढून आलेला दम, त्यात बोलणं, सगळं मिळून गोळी वाढणार नाही तर काय. सांगली-कोल्हापूरकडं तालमीतली किती माणसं आहेत, म्हातारपणी सगळ्यांचं बीपी असंच मोजत असतील का, हा विचार मनातनं जात नाही.

मॅडमनी त्या दिवशी रात्रीची प्राझोसिन ही बीपीची गोळी बंद केली, बाकी काही घाईनं हलवलं नाही. वहीत घरचं बीपी लिहून आणायला सांगितलं, सात दिवस, सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा, पहिल्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत. मशीन दंडाला बांधायचंच घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा मोठा मिळतो का ते विचारूनच घ्या असंही बजावलं. दवाखान्यात १४० तसं घरी १३५ ही रेघ, कारण घरी माणूस निवांत असतो. आमची सरासरी आली १३२/७४, आणि उभं राहून १२४. एक गोळी कमी करून!

मी मोबाइलवर वाचून गेलेले, म्हणून विचारलं की आता १२० च्या खाली पाहिजे म्हणतात ना. बाहेर पंधरा माणसं बसलेली असताना त्यांनी हे नीट समजावून सांगितलं. २०१५ चा स्प्रिंट म्हणून मोठा अभ्यास आहे, नऊ हजारांवर माणसं, १२० च्या खाली ठेवलेल्यांना हार्टचा त्रास चौथ्या हिश्शानं कमी झाला, खरं आहे. पण त्यात शुगरवाले घेतलेच नव्हते, आणि उभं राहिल्यावर ज्यांचं ११० च्या खाली जातं तेही नव्हते. म्हणजे आमचे अण्णा दोन्ही दारांतनं बाहेर. शुगरवाल्यांवर अ‍ॅकॉर्ड नावाचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०१० ला आला, तिथं एकूण फायदा तसा दिसला नाही, लकवा मात्र कमी झाला. आणि २०२४ ला चीनमधनं बारा हजारांवर शुगरवाल्यांचा अभ्यास आला, त्यात फायदा दिसला. "म्हणजे विषय संपलेला नाही, पण पडलेल्या माणसाला मी आकड्यामागं पळवणार नाही," हे त्यांचं वाक्य. मला हे फार पटलं. अभ्यासात कोण होतं आणि आपल्यासमोर कोण बसलंय हे जुळवून बघणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदा बघितला.

शुगरचं तर उलटंच झालं. तीन महिन्यांची शुगर ६.४ आलेली, आम्ही खूश, आणि मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, दुपारी साडेबाराला घाम येतो का, हात थरथरतात का. अण्णा म्हणाले येतो की, मग गुळाचा खडा खातो, बरं वाटतं. हे त्यांनी घरात आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं! म्हणजे शुगर फार खाली जात होती, म्हणून ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी दोनची एक केली, आणि सांगितलं की या वयात सातच्या थोडं वर गेलं तरी चालेल. अ‍ॅकॉर्डमध्येच शुगर फार कडक उतरवायला गेले त्या गटात जास्त माणसं दगावली म्हणून २००८ ला तो भाग मधेच थांबवावा लागला होता. आता अण्णांची ७.१ आहे आणि दुपारचा घाम बंद.

पाय बघितले. चप्पल-मोजे काढून, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारून. मग एक नायलॉनचा दोरा, दहा ग्रॅम दाब पडला की वाकतो असला, तो तळव्याला लावायचा आणि अण्णांनी डोळे मिटून "आता" म्हणायचं. अंगठ्याखाली आणि करंगळीखाली दोन ठिकाणी अण्णा काहीच बोलले नाहीत. दोरा वाकलेला मला दिसतोय आणि ते शांत बसलेत, डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट बघत. तो क्षण मला विसरता येत नाही. तेव्हापासून अनवाणी बंद, देवळातपण उन्हाच्या वेळी नाही, आणि रोज रात्री आई तळवे बघते.

लघवीतलं प्रोटीन तपासलं, ते वाढलेलं निघालं, किडनीची सुरुवात. त्यासाठी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केली. आधी ही गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि खूप कंपन्यांची स्वस्तात यायला लागली, त्यामुळं आमच्यासारख्यांना परवडते. या गोळीनं शुगर लघवीवाटे जाते, म्हणून स्वच्छता ठेवायची नाहीतर बुरशी होते, हे मॅडमनी अण्णांना मला बाहेर पाठवून सांगितलं, त्यांना संकोच वाटू नये म्हणून. आणि आषाढी करता का विचारलं! एकादशीला, उलट्या-जुलाब झाले तर, किंवा जेवणच नसेल तर ही गोळी त्या दिवशी घ्यायची नाही. उपासाचं आपणहून विचारणारे डॉक्टर कितीसे असतात?

आहाराच्या ताईंबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. पहिल्यांदा ज्या होत्या त्यांनी छापील कागद दिला, ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली. आमच्या घरात तो कागद फ्रिजवर चिकटून राहिला, बस. आता ज्या आहेत त्या आधी विचारतात काय खाता. भाकरी, खर्डा, लोणचं, पापड, संध्याकाळी भडंग. मग म्हणाल्या मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो ते मोजून या. आम्ही पुड्यावर तारीख लिहिली. पाच माणसं, बावीस दिवस. म्हणजे माणशी दिवसाला नऊ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते पाचच्या आत, तेपण सगळं धरून. लोणचं, पापड, भडंग आमच्या हिशोबात नव्हतंच. तोच पुडा आता पस्तीस दिवस जातो. चाळीस झाले पाहिजेत, आईचं लक्ष आहे त्याच्यावर. भडंग बंद केलं नाही त्यांनी, घरी करा, मीठ निम्मं, लसूण-कढीपत्ता दुप्पट, आणि वाटीभरच. सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणलं तर तो दवाखाना सोडेल हे त्यांना कळतं.

अण्णांच्या एका मित्रानं बीपीसाठी सर्पगंधाच्या गोळ्या दिलेल्या, त्यापण मॅडमना दाखवल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या हे झाड खोटं नाही, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये यावर लिहिलं तेव्हा जगानं दखल घेतली, १९५७ ला त्यांना लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला, या झाडातनंच रेसरपिन हे बीपीचं औषध निघालं. पण त्यानं मन उदास होऊ शकतं, बीपी उतरतं, आणि तुमच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर किती उतरेल याचा नेम नाही, म्हणून नको. अण्णांनी मान देऊन ऐकलं आणि पाकीट तिथंच ठेवलं. ओरडल्या असत्या तर घरी येऊन लपून खाल्ल्या असत्या.

माझा धाकटा भाऊ सोबत असतो, काटकुळा, घरनं काम करतो, दिवसभर लॅपटॉप. मॅडमनी त्याच्याकडं बघून सहज विचारलं तुझी तपासणी कधी केली. तो म्हणाला मी तर बारीक आहे. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधनं एक छापलेला फोटो काढला, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघे शेजारी उभे. २००४ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतनं चरबी, आपल्या लोकांचं असं असतं. भावाची तपासणी केली, तीन महिन्यांची शुगर ६.३ आली, म्हणजे शुगरच्या उंबऱ्यावर. तो आता रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातो.

इथं औषधांचे अभ्यासपण चालतात, एकदा आम्हाला विचारलं. फॉर्म मराठीत होता, घरी नेऊन वाचायला दिला, आणि नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक नाही हे दोनदा सांगितलं. आईला भीती वाटली म्हणून आम्ही नाही म्हणालो. खरंच काही फरक पडला नाही, पुढच्या वेळी तेवढाच वेळ दिला.

आता त्रासाचं. थांबायला फार लागतं. अकराची वेळ देतात आणि नंबर एक-सव्वाला येतो. शुगरच्या माणसाला जेवणाच्या वेळेला असं बसवून ठेवणं बरोबर नाही, एका काकांना आमच्यासमोर चक्कर आली, सिस्टरनी धावत साखरपाणी दिलं. काउंटरवर सांगून झालं, मॅडमनापण सांगितलं, त्यांनी मान्य केलं, पण अजून तसंच आहे. डबा घेऊनच जा. लिफ्ट असते पण बंद असते तेव्हा वयस्कर माणसांचे हाल. फोन उचलत नाहीत, मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. फी पहिल्यांदा ८००, नंतर ५००, आणि तपासण्या बाहेरून केल्या तरी चालतात, अडवणूक नाही.

अजून एक. सातारा जिल्ह्यात आमची मावशी असते, तिला मी आग्रहानं इथं आणलं होतं. सरकारी बीपीच्या कार्यक्रमात सातारा सुरुवातीच्या जिल्ह्यांत होता, तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं कार्ड आहे, महिन्याला अ‍ॅमलोडिपिन ही बीपीची गोळी फुकट मिळते. मॅडमनी कार्ड बघितलं, बीपी घेतलं, म्हणाल्या "मावशी, तिथल्या सिस्टर चांगलं बघतायत तुमचं, गोळी हीच, इथवर यायची गरज नाही." फी घेतली नाही. मावशी परत गेली आणि सगळ्या गावात सांगितलं की आपल्या सिस्टरचं सांगलीच्या डॉक्टरनी कौतुक केलं.

जाताना ढगळ बाहीचा शर्ट घाला, सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक धरून, आणि जुने रिपोर्ट तारखेनं लावून न्या. अण्णांच्या फाइलवर पहिल्या पानावर मॅडमनी लाल पेनानं लिहिलंय, "उजवा दंड, ३६ सेंमी, मोठा पट्टा, उभं राहूनही बघणे". त्याचीच एक चिठ्ठी आईनं प्लॅस्टिकमध्ये घालून अण्णांच्या पाकिटात ठेवलीय, मिरजेला डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरला ती दाखवली, आणि त्यांनी दुसऱ्या वॉर्डातनं मोठा पट्टा मागवून घेतला.