शेअर्ड मेलबॉक्स: क्लिअरिंगच्या ऑफिसात कसा चालतो

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात मी अ‍ॅडमिन बघते. कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याच टेबलावर येतं. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल-सेवेचा शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी आपापल्या लॉगिनने वापरायचा एकच ईमेल पत्ता, घ्यावा का, अशी ओळखीच्या ऑफिसांमधून विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत: जरूर घ्या. मात्र परवानग्या लावायचं काम बाहेरच्या माणसावर सोडून मोकळं होऊ नका. कोण कुठल्या डेस्कवर बसतो आणि कोणाला काय दिसायला हवं, हे ऑफिसातल्याच माणसाला माहीत असतं.

पूर्वी आमच्याकडे इम्पोर्ट डेस्कच्या ईमेल पत्त्याचा एकच पासवर्ड होता आणि तो सगळ्या डेस्कला ठाऊक होता. मेल कोणी पाठवला याचा पत्ता लागत नसे आणि कोणी नोकरी सोडली की तो बदलून सगळ्यांना पुन्हा सांगत बसायचं. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ऑफिसातला सर्व्हर बंद करून आम्ही क्लाउडवर गेलो. त्याच वेळी हे पत्ते शेअर्ड मेलबॉक्स करून घेतले. आमच्या धंद्यात याला महत्त्व आहे. शिपिंग लाइनची अरायव्हल नोटीस, म्हणजे माल येत असल्याची सूचना, याच पत्त्यावर येते. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं कागदपत्र, मुदतीत भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये आणि त्यापुढे रोजचे १०,००० रुपये लागतात. मेल कोणाच्या तरी खात्यात अडकून राहणं आम्हाला परवडत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण सरसकट 'अ‍ॅक्सेस दिला' म्हणतो, पण इथे परवानग्या तीन आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. 'फुल अ‍ॅक्सेस' दिला की मेलबॉक्स उघडतो, मेल वाचता येतात, हलवता येतात, पुसता येतात. पाठवता मात्र येत नाहीत. त्यासाठी 'सेंड अ‍ॅज' वेगळं द्यावं लागतं, म्हणजे मेल थेट इम्पोर्टच्या नावाने जातो. तिसरी 'सेंड ऑन बिहाफ'. तिच्यात पाठवणाऱ्याचं नावही समोरच्याला दिसतं. पार्टीला, म्हणजे आमच्या ग्राहकाला, जाणाऱ्या मेलवर आम्हाला डेस्कचंच नाव हवं असतं, म्हणून आम्ही तिसरी कोणालाच दिलेली नाही.

इम्पोर्ट डेस्कवर नवा मुलगा आला तेव्हाचा प्रकार सांगते, कारण निम्म्या तक्रारी अशाच असतात. "मॅडम, मेल वाचता येतोय, पण पाठवला की परत येतोय." परत आलेल्या मेलमध्ये ५.७.६० हा आकडा होता. या पत्त्यावरून पाठवायची परवानगी नाही, असा त्याचा अर्थ. बघितलं तर त्याला फुल अ‍ॅक्सेस होता, सेंड अ‍ॅज नव्हतं. दिलं. तरी मेल परत. अशा वेळी लोक परवानगी काढतात, पुन्हा देतात, परत काढतात, आणि गुंता वाढवतात. मी त्याला ब्राउझरमधून पाठवायला सांगितलं. तिथून बिनबोभाट गेला. म्हणजे सर्व्हरवर सगळं ठीक होतं, त्याच्या मशीनवरचं आउटलुक (मेल बघायचा प्रोग्राम) जुन्या अ‍ॅड्रेस बुकवर चाललं होतं. 'फ्रॉम'मध्ये आधीचा लक्षात राहिलेला पत्ता काढून टाकला, कंपनीच्या यादीतून नव्याने निवडला, अ‍ॅड्रेस बुक डाउनलोड करून घेतलं, आणि काम झालं. नवी परवानगी लागू व्हायला तासभरही लागू शकतो, म्हणून दिल्यावर लगेच हात लावू नये. ब्राउझरमध्ये चालतं का हे आधी बघा. या एका गोष्टीने माझा जितका वेळ वाचला तितका दुसऱ्या कशानेच वाचला नाही.

दुसरी अडचण ग्रुपची. माणसामाणसाला परवानगी देण्यापेक्षा ग्रुपला दिलेली बरी, माणूस बदलला की ग्रुपमधून काढला की झालं. हे खरं आहे, पण ग्रुप मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे परवानग्याही देता येतील आणि मेलही पाठवता येईल असा, असायला हवा. फक्त मेल वाटण्यासाठी असलेल्या साध्या डिस्ट्रिब्युशन लिस्टला अ‍ॅक्सेस देऊन चालत नाही. शिवाय थेट माणसाच्या नावावर फुल अ‍ॅक्सेस दिला की मेलबॉक्स आउटलुकच्या डाव्या बाजूला आपोआप येतो. ग्रुपमार्फत दिला तर येत नाही, हाताने जोडावा लागतो. परवानगी आहे, पण दिसत काहीच नाही, म्हणून फोन येतात. तरी मी ग्रुपच ठेवला आहे. एकदा जोडून देण्याची मेहनत मला मंजूर आहे.

पाठवलेल्या मेलची प्रत शेअर्ड मेलबॉक्समध्येही ठेवण्याची सोय आमच्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली, आणि ती सुरुवातीला बंद असते हे मला पटत नाही. इम्पोर्टच्या नावाने उत्तर गेलं तरी त्याची प्रत पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये पडते. शेजारच्या डेस्कला कळतच नाही, मग तोही त्याच पार्टीला उत्तर देतो, कधी कधी वेगळा आकडा सांगून. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये त्या मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रत तिथेही ठेवायचा पर्याय आहे. पहिल्या दिवशीच चालू करा. पुसलेल्या मेलचंही तसंच. आउटलुकमधून कोणी शेअर्ड मेलबॉक्समधला मेल डिलीट केला की तो पुसणाऱ्याच्या स्वतःच्या डिलीटेड आयटम्समध्ये जातो. इन्व्हॉइस हरवलं म्हणून आरडाओरडा होण्याआधी तिथे बघावं.

कॅलेंडरच्या बाबतीत मी एवढी खूश नाही. सहकाऱ्यांना सुरुवातीला फक्त 'बिझी' एवढंच दिसतं, कोणाबरोबर आणि कशासाठी ते नाही. साहेबांच्या कॅलेंडरवर सेक्रेटरीला एडिटर केलं की ती अपॉइंटमेंट टाकू शकते, पण साहेबांनी 'प्रायव्हेट' खूण केलेलं तिला उघडत नाही. त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. आमच्याकडे गोंधळ झाला तो याहून बारीक होता. सेक्रेटरी ज्या ग्रुपमध्ये होती त्याला एडिटर होतं, आणि तिच्या नावावर जुनी 'रिव्ह्यूअर' (फक्त वाचण्याची) परवानगी तशीच पडून होती. माणसाच्या नावाची नोंद असेल तर तीच धरली जाते, ग्रुपची बघितली जात नाही. म्हणून तिला वाचता यायचं, बदलता यायचं नाही. जुनी नोंद काढल्यावर लगेच चाललं. स्क्रीनवर यातलं काहीच समजत नाही. पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीत, फोल्डरच्या परवानग्यांची यादी काढावी लागते, तेव्हा दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसतात. पॉवरशेलची भीती वाटत असेल तरी एवढी एक कमांड शिकून घ्याच.

कॉन्फरन्स रूमचं कॅलेंडर मुळात मीटिंगचा विषय काढून टाकतं आणि बोलावणाऱ्याचं नाव दाखवतं. रिसेप्शनला कोणती पार्टी येतेय हे कळायला हवं असेल तर दोन सेटिंग पॉवरशेलमधून बदलावी लागतात. आधीच्या बुकिंगांवर त्याचा परिणाम होत नाही, नव्यांवरच होतो. रूम १८० दिवसांपलीकडची बुकिंग घेत नाही, तेही बदलता येतं. रूमचा प्रश्न एकदा सुटला की पुन्हा डोकं वर काढत नाही.

न्हावा शेवा बंदरात आणि सहार विमानतळावर असलेल्या आमच्या मुलांना मोबाइलवर इम्पोर्टचे मेल लागतात. फोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये शेअर्ड मेलबॉक्स जोडता येत नाही, आउटलुकच्या अ‍ॅपमध्ये येतो. कंटेनरच्या रांगेत उभं राहून डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात घ्यायचा कागद) उघडायची असते, म्हणून सगळ्यांच्या फोनवर आउटलुक टाकून घेतलं.

पैशांचं बोलायचं तर ५० जीबीपर्यंत शेअर्ड मेलबॉक्सला वेगळं लायसन्स लागत नाही, फक्त उघडणाऱ्या माणसांकडे त्यांचं स्वतःचं हवं. ५० जीबी ऐकायला भरपूर वाटतं, पण पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, सगळं रंगीत स्कॅन करून येतं. मर्यादा ओलांडली की आधी मेल पाठवणं बंद होतं, मग येणंही. आर्काइव्हमध्ये जुनं टाकायचं म्हटलं तर त्यालाही लायसन्स लागतं. इम्पोर्टचा मेलबॉक्स भरत चालला आहे, तेव्हा एका लायसन्सचा खर्च पुढच्या बजेटमध्ये धरा असं अकाउंट्सला सांगून ठेवलं आहे, आणि पार्ट्यांना स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट पाठवायची विनंती सुरू केली आहे.