एबीएसचा पिवळा लाईट जातच नाही: घरी स्कॅनर, गाड्यांचा वायरमन की शोरूम?

माझी 2012 ची डिझेल हॅचबॅक चिपळूणला असते, म्हणजे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने त्या पावसाने करून ठेवलेला गंज, त्यामुळे एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) लाईटसाठी तिन्ही दारं वाजवून झालीयत.

कुठेही जायच्या आधी लाईट नेमका कधी लागतो ते बघा. चावी ऑन केल्यावर लागला आणि विझतच नाही, तर बहुतेक फ्यूज, तुटलेली वायर, चाकाचा स्पीड मोजणारा सेन्सर मेलेला, नाहीतर मॉड्यूल (एबीएसचा कॉम्प्युटर). सुरुवातीला दोन-चार सेकंदांत विझतो पण गाडी जरा पुढे गेली, पंधरा-वीसचा स्पीड आला की परत लागतो, तर सेन्सर जिवंत असायची शक्यता जास्त, फक्त चाकाचं रिडिंग त्याला नीट मिळत नाहीये, म्हणजे रिंग (चाकासोबत फिरणारी, जिच्यावरून सेन्सर स्पीड वाचतो) गंजलीय किंवा चिरलीय, चाकाचं बेअरिंग ढिलं होऊन प्ले आलाय, असलं काहीतरी. नुसता पिवळा असेल तर साधा ब्रेक लागतो, ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होतील एवढंच (एवढंच म्हणतोय, पण कुंभार्ली घाटात पावसात हे एवढंच नसतं). सोबत लाल ब्रेकचा लाईटपण असेल तर ब्रेक ऑइल कमी नाहीतर ईबीडीपण (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी सिस्टीम) बंद, ती गाडी हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता घरचा स्कॅनर. ‘ईएलएम 327’ नावाचा ब्लूटूथवाला स्कॅनर, म्हणजे गाडीत लावून बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारी डबी, हजार रुपयांच्या आत मिळतो. गोची अशी की फुकटच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड दिसतात आणि एबीएसचे असतात सी चे, वेगळ्या मॉड्यूलमध्ये, त्यामुळे ॲप म्हणतं सगळं ओके आणि मीटरमध्ये लाईट तसाच. तुमच्या कंपनीचं एबीएस वाचणारं ॲप आहे का ते बघून मगच घ्या. पण एकदा वाचलं ना, की लाईव्ह डेटात चारही चाकांचा स्पीड शेजारी शेजारी दिसतो आणि सगळी मजा तिथेच आहे. भाचा मोबाईल धरून बाजूला बसला, मी गल्लीत हळू चालवत होतो, तो वाचत होता, नऊ नऊ नऊ नऊ, आणि स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की पुढचं डावं चाक एकदम शून्य, सरळ केलं की परत नऊ. वळवल्यावर जातंय म्हणजे वायर ताणली जातेय. चाक काढून बघितलं तर वायरचं वरचं रबर एकदम ठणठणीत, आत तांबं हिरवं पडलेलं आणि दोन तारांवर सगळा कारभार. नवीन तुकडा जोडला, सोल्डर, वर स्लीव्ह, झालं.

हे कळायच्या आधी मी वायरमनकडे एक सेन्सर बदलून बसलो होतो. कोड होता पुढच्या डाव्या सेन्सरच्या सर्किटचा, त्याने वाचलं सेन्सर गेला. सर्किट म्हणजे वायर, कनेक्टर सगळं आलं त्यात. नंतर त्याने कोड उडवला, लाईट गेला, पुढच्या वळणावर परत हजर. तरी वायर, अर्थिंग, कनेक्टरमधलं पाणी यात चांगल्या वायरमनचा हात कोणी धरणार नाही, आणि लेबरपण परवडतं, फक्त पार्ट आणायला सांगितला की आधी विचारा, दादा, चारही चाकांचं लाईव्ह रिडिंग दाखवता का? मल्टिमीटर लावणार असेल तर जुन्या दोन वायरच्या साध्या सेन्सरला साधारण एक ते दोन हजार ओहम येतात आणि डावा-उजवा जवळपास सारखे यायला हवेत. नवीन ॲक्टिव्ह सेन्सरला (ज्याच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं) हे चालत नाही, तिथे ओहमवर निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अजून एक भानगड आपल्याकडची. एबीएस सगळ्या नवीन कारना कंपल्सरी झालं एप्रिल 2019 पासून, त्याआधी एकाच मॉडेलमध्ये एबीएसवाली आणि बिनाएबीएसची दोन्ही व्हेरियंट यायची, त्यामुळे दुकानदार बेअरिंग बिनाएबीएसचं देतो, मॅग्नेटिक रिंग नसलेलं, किंवा फिटर रिंगवालं उलटं बसवतो. बेअरिंग बदलल्यावर लगेच लाईट लागला असेल तर बाकी काही शोधत बसू नका.

शोरूमकडे बरोबर स्कॅनर असतो, वायरिंगचा नकाशा असतो, आणि एबीएस पंपातली हवा काढायला काही गाड्यांना स्कॅनरच लागतो. पण जुन्या गाडीला ते दुरुस्त करत बसत नाहीत, अख्खी असेंब्ली सांगतात, आणि दीड लाखाच्या गाडीला तो आकडा ऐकून माणूस गप्प होतो. म्हणून तिथे फक्त डायग्नोसिसचे पैसे भरून कोड लिहून घ्या. मॉड्यूलच गेलं असेल तर आपलंच बोर्ड रिपेअरला देणं मला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातल्या मालापेक्षा बरं वाटतं, जुन्याला पार्ट नंबर तंतोतंत जुळावा लागतो, वर कोडिंगची कटकट असू शकते, आणि बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिकचा डबा पंपापासून वेगळा निघतो, ब्रेकचे पाइप खोलायलाच लागत नाहीत.

माझा क्रम विचाराल तर बॅटरीचे टर्मिनल आणि चारही टायरचा साइज, मग घरी लाईव्ह डेटा, वायर निघाली तर वायरमन, सेन्सर-वायर सगळं ठीक निघालं तरच शोरूम. आणि सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर चावी ऑन केल्यावर एबीएसचा लाईट क्षणभर लागतो का ते बघा, एबीएसवाली गाडी असून लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढला असण्याची शक्यता आहे.