ब्रेकचं पेडल धडधडतंय: डिस्क घासून घ्यायची की नवी टाकायची?

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं, आणि गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: "डिस्क बेंड झालीय साहेब, दोन्ही बदलू." डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ती खरोखर वाकलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइल मागे सरकतं आणि पेडल वर येतं. यासाठी ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकही पुरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो.

म्हणून पैसे काढण्याआधी दुखणं कुठे आहे ते बघा. पेडलसोबत स्टिअरिंगही हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर. स्टिअरिंग शांत आणि सीटखाली थरथर असेल तर मागचे ड्रम ब्रेक. लहान गाड्यांत हँडब्रेक सहसा मागच्या ड्रमवरच असतो. अशा गाडीत रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला दांडीच्या टोकाचं बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढा. तीच थरथर आली तर पुढच्या डिस्कना हात लावायचं कारण नाही. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका.

एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, धडधड वेगळी. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर 'गर्रर्र' आवाजासह पेडल हललं तर ते एबीएसचं कामच आहे. पण कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता असं होत असेल तर चाकाचा स्पीड सेन्सर किंवा त्याची रिंग तपासायला सांगा. डिस्कचे धक्के गाडीच्या वेगाबरोबर संथ होत जातात, एबीएसचे तसे होत नाहीत.

दोष पुढच्या डिस्कचाच निघाला, तर आता निवड.

लेथवर कट मारून, म्हणजे डिस्कचा वरचा थर घासून ती सपाट करून घेणं स्वस्त. पुण्यात भोसरीच्या बाजूला लेथची कामं करणाऱ्यांची वाण नाही. पण डिस्कवर 'मिनिमम थिकनेस'चा आकडा कोरलेला असतो, आणि कट मारल्यावर डिस्क त्याच्या वरच राहायला हवी, तीही पुढच्या झिजेला जागा ठेवून. लहान हॅचबॅकच्या एकसंध, पातळ डिस्कमध्ये ही जागा बऱ्याचदा उरलेलीच नसते. मधून हवा खेळणारी जाड डिस्क असेल आणि गाडी फार चाललेली नसेल, तर मी कट मारून घेण्याच्या बाजूचा आहे. फार तापून निळसर डाग पडलेली डिस्क मात्र घासू नका. ते ठिपके कठीण झालेले असतात, आत खोलवर जातात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा वर येतात.

नवी जोडी महाग, पण पातळ किंवा डाग पडलेल्या डिस्कला दुसरा इलाज नाही. नाना पेठेतून आणा किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून, दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला आणि पॅडही नवे घाला.

खरी गोम पुढेच आहे. डिस्कमागच्या हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंज असेल, किंवा चाकाचे नट हवेच्या गनने वेडेवाकडे आवळलेले असतील, तर नवी डिस्कही किंचित तिरकी बसते. मग ती प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच धडधड परत येते. पावसाळाभर सोसायटीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हब मुद्दाम बघावेत. म्हणून मेकॅनिकला हब तारेच्या ब्रशने घासायला लावा, मग डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं घड्याळी माप) लावून डिस्क फिरवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा हेलकावा चालतो, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आठ ठिकाणी मायक्रोमीटरने जाडीही घ्यायला सांगा. हे करायला जो तयार नाही, त्याच्याकडून डिस्क बदलून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे.

गाडी चालवण्याची सवयही यात येते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहतो, डिस्क तापते, आणि खाली रांगेत पेडल गच्च दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. उतारावर खालचा गिअर ठेवा, खाली आल्यावर पुढच्या गाडीपासून थोडं अंतर राखून हळूहळू सरकत राहा.

नव्या डिस्क-पॅडवर पहिल्याच दिवशी सिंहगडाचा घाट उतरू नका. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे ब्रेक निवू द्यायचे. असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर सारखे बसतात.