स्टीलहेड नदीत सोडायचा कधी: वर्षाचा की दोन वर्षांचा?

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून इकडे, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, एमएस करायला आलेली एक मुलगी मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आली होती. ताटं मांडता मांडता तिने स्टीलहेडचा विषय काढला. हा नदीत जन्मणारा, समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा ट्राउट मासा; हॅचऱ्यांत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांत, त्याची पिल्लं वाढवून नदीत सोडतात. "काका, दोन हॅचऱ्यांनी बोलावलंय. एक स्टीलहेडला वर्षभरात वाढवून सोडते, दुसरी दोन वर्षं ठेवते. कुठे जाऊ?"

मी दोन्हीकडे काम केलंय. आधी सहा वर्षं पहिल्या प्रकारच्या हॅचरीत, आता चार वर्षं दुसऱ्या प्रकारच्या. तरी मी तिला लगेच उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न फक्त नोकरीचा नव्हता. इथल्या कोलंबिया आणि तिला मिळणाऱ्या स्नेक नदीमधून धरणांनी जे नेलं, ते कसं भरून द्यायचं याबद्दलची ही दोन मतं आहेत. एकदा हौदावर उभं राहिलं की त्यातलं एक मत आपलंसं होतंच.

भरपाई इथे आकड्यात लिहिलेली आहे, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. स्नेकच्या खालच्या टप्प्यात 1961 ते 1975 या काळात चार धरणं झाली: आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूज आणि लोअर ग्रॅनाइट. त्यांच्यासाठी 1976 मध्ये भरपाईची योजना मंजूर झाली. तिच्यात स्टीलहेडचं उद्दिष्ट आहे वर्षाला 55,100 परतणारे मोठे मासे. आकड्यामागे माणसं आहेत. नेझ पर्स, याकामा, उमाटिला या इथल्या मूळ रहिवासी जमातींनी 1855 च्या करारांत जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क स्वतःकडे राखला. धरणाने मासा संपवला तर तो हक्क कागदावरच उरतो. म्हणून "आकडा गाठा" या आग्रहाला मी कधी नावं ठेवत नाही.

आणि आकडा गाठायचा असेल तर वर्षाची पद्धत सरस आहे, यात वाद नाही. हौद तेवढेच, पाणी तेवढंच, माणसं तेवढीच, आणि दर वर्षी नवी तुकडी. आयडाहोमध्ये क्लिअरवॉटर नदीच्या उत्तर फाट्यावर ड्वॉरशॅक धरण आहे, 717 फूट उंच, माशांना चढायला जिना नाही. वरचं सगळं खोरं माशांना कायमचं बंद झालं. त्या बदल्यात खाली बांधलेली हॅचरी वर्षाला 20 लाखांच्या आसपास स्टीलहेड सोडते, तेही वर्षाचे. एवढे मासे दोन-दोन वर्षं सांभाळायचे म्हटलं तर जागा आणायची कुठून?

मी जिथे सहा वर्षं होतो तिथेही काम चोख होतं. मार्गदर्शन चांगलं, शिस्त चांगली. अडचण पंचांगाची होती.

आमच्या नदीतला मूळचा स्टीलहेड एप्रिलच्या अखेरीस, मे महिन्यात अंडी घालतो. स्थानिक प्रजनक (अंडी-बीजासाठी निवडलेले नर-मादी) वापरायचे ठरवलं (आणि ते ठरवायलाच हवं, परक्या नदीचं बीज आणण्याचे दिवस गेले), तर मेच्या पहिल्या आठवड्यात मादी पिळायची, म्हणजे पोट दाबून तिची अंडी काढायची. महिनाभराने अंडी फुटणार, जूनच्या अखेरीपर्यंत जिरे (अगदी लहान पिल्लं) खाद्य घ्यायला लागणार. आणि पुढच्या एप्रिलमध्ये तेच पिल्लू पौंडात पाच-सहा बसतील या मापाचं, रुपेरी, समुद्राकडे निघायला तयार असं हवं. नदीतलं पिल्लू याच गोष्टीला दोन वर्षं घेतं, कधी तीन. आम्ही दहा महिन्यांत करायला निघालेलो. मग विहिरीचं जरा उबदार पाणी द्यायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत खाद्य टाकत राहायचं. तेवढ्याने भागलं नाही की प्रजनक निवडताना हात आपोआप लवकर पिकलेल्या मादीकडे जातो, कारण तिची पिल्लं तीन आठवडे पुढे असतात. कुणी मुद्दाम करत नाही. पण दहा-पंधरा वर्षं हेच झालं की हॅचरीतल्या माशाची वेळ नदीच्या वेळेपासून सुटते. हे मी प्रत्येक हंगामात माझ्या हातांनी केलंय, म्हणून लिहितोय.

एवढं करूनही हौदातली सगळी पिल्लं तयार होत नाहीत. तयार झालेलं ओळखू येतं. हातात धरलं तर खवले तळव्याला चिकटतात, हात चांदीचा वर्ख लावल्यासारखा दिसतो, शेपटीची कड काळी पडलेली असते. न झालेलं आखूड, तपकिरी, अंगावर बोटांच्या ठशांसारखे पट्टे अजून तसेच. एकाच हौदात दोन्ही. सोडायचा दिवस मात्र सगळ्यांचा एकच.

आता माझं मत ज्याने फिरवलं ते सांगतो.

जूनमधली सकाळ होती. वितळलेल्या बर्फाचं पाणी ओसरू लागलं होतं आणि मी हॅचरीच्या खाली दोनेकशे मीटरवर, तापमानाचं यंत्र काढायला गुडघाभर पाण्यात उतरलो होतो. दोरीचा गुंता सोडवताना हात पाण्यावर दोन-तीनदा हलला. रोज खाद्य फेकून माझ्या हाताला जी लय लागली होती, तीच असावी. बघतो तर पायाशी मासे. आधी पाच-सात, मग तीस-चाळीस, तोंडं वर करून. पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर कापलेला, ही हॅचरीची खूण, म्हणजे आमचेच. एव्हाना यांनी नऊ धरणं ओलांडून समुद्र गाठलेला असायला हवा होता. ते माझ्या गमबुटांशी गोळी-खाद्याची वाट बघत होते.

नदीत राहिलेली ही पिल्लं निरुपद्रवी असती तरी मी गप्प बसलो असतो. पण ती बसतात नेमकी त्याच खड्ड्यांत, त्याच दगडांमागे, जिथे जंगली पिल्लांनी बसावं. अंगाने मोठी, म्हणून जागा त्यांना मिळते. त्यांतले काही नर तिथेच वयात येतात. वीतभर मासा पोटाशी हलकेच दाबला की मिल्ट (नराचं वीर्य) येतं. ज्या नदीचं नुकसान भरून द्यायला आम्ही मासे सोडत होतो, तिच्याच उरलेल्या माशांची जागा ते खात होते. त्यानंतरच्या प्रत्येक जूनमध्ये मी तिथे मुद्दाम जाऊन हात हलवून पाहिला. किती टक्के राहतात हे सांगायला माझ्याकडे शास्त्रीय मोजणी नाही. एकही वर्ष असं गेलं नाही की कुणी वर आलं नाही, एवढंच सांगू शकतो.

यात धरणांचाही वाटा आहे. आमच्या हॅचरीपासून समुद्र नऊशे किलोमीटरच्या वर. पूर्वी हिमाच्या पुराबरोबर पिल्लं वाहत जायची. आता वाटेत एकामागून एक साचलेले जलाशय. प्रवाह नाही, मग स्वतः पोहायचं, आणि दर दिवसाने पाणी तापत जातं. पिल्लाच्या अंगात समुद्राची तयारी थोडेच दिवस टिकते. वेळ निघून गेली की ते पुन्हा नदीचं होतं. पूर्ण तयार पिल्लाला हा उशीर कसाबसा सोसतो, अर्ध्या तयारीच्या पिल्लाला तो मुळीच परवडत नाही. म्हणून मला वाटतं, धरण नसलेल्या नदीत वर्षाची घाई एक वेळ चालून जाईल. इथे नाही.

दोन वर्षांच्या पद्धतीत घाई नाही. मेटहाव नदीवरच्या विन्थ्रॉप हॅचरीने स्थानिक प्रजनकांबरोबर हाच रस्ता धरला. मी आता आहे तिथे पहिल्या हिवाळ्यात थंड पाणी, बेताचं खाद्य. उशिरा पिकलेल्या मादीची पिल्लंही मोजणीत येतात, तिला वगळायचं कारणच उरत नाही. फाटक उघडलं की पिल्लं रात्री निघतात. पाण्याचा आवाज बदलतो, अंधारातही कळतं. तीन-चार रात्रींत हौद निम्मा रिकामा होतो. मागे राहतात त्यांना आम्ही ढकलून नदीत घालत नाही, टँकरने बंदिस्त तळ्यात नेऊन सोडतो. तिथे मुलं गळ टाकायला येतात.

पण फुकट काहीच नाही. एकाच वेळी दोन वयांच्या तुकड्या सांभाळाव्या लागतात, म्हणजे तेवढ्याच जागेत मासे कमी. दोन हिवाळे म्हणजे बर्फाने जाळी तुंबण्याची, पंप बंद पडण्याची भीती दोनदा. थंड पाण्याच्या जिवाणूने एका वर्षी आमची बरीच पिल्लं नेली. आणि वयात येणाऱ्या नरांचा त्रास इथेही आहे. दुसऱ्या शरद ऋतूत खाद्याचा हात सैल सोडला तर जास्तच. खर्चाचं विचाराल तर दर पिल्लामागे तो वाढतो आणि भरपाईच्या आकड्याला उत्तर देणं अवघड जातं. बैठकीत जमातीचे वडीलधारे विचारतात, "मग आमच्या वाट्याचे मासे कुठे?" त्या प्रश्नापुढे मान खाली जाते, आणि जायलाच हवी.

म्हणून मी एकाला चूक आणि दुसऱ्याला बरोबर म्हणणार नाही. ड्वॉरशॅकसारख्या ठिकाणी धरणाच्या वर स्टीलहेडसाठी नदीच उरलेली नाही, मासे मुख्यतः पकडण्यासाठी सोडले जातात, तिथे वर्षाची पद्धत समजण्यासारखी आहे. जिथे हॅचरीच्या शेजारी जंगली स्टीलहेड अजून अंडी घालतोय, तिथे मी दोन वर्षांच्या बाजूने. स्नेकचा जंगली स्टीलहेड 1997 पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्याच्या अंगणात आपण काय सोडतो याला महत्त्व आहे. ओरेगॉनमधल्या हूड नदीवरचा 2007 चा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. दोन वर्षं ठेवल्याने ही घट थांबते असा माझा दावा नाही. उलट हौदात जास्त काळ ठेवण्याचेही तोटे असतील. पण निदान "लवकर पिकणारा, भराभर वाढणारा" एवढीच निवड आपण करत राहत नाही.

कॉलेजात असताना आमची सहल लोणावळ्याला, टाटांच्या वळवण धरणाजवळच्या महासीर माशाच्या बीज केंद्रावर गेली होती. आम्ही पोरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "वर्षाला बोटुकल्या (बोटभर पिल्लं) किती?" त्या वयात दुसरा प्रश्न सुचला नाही. त्या मुलीनेही मला आधी तेच सांगितलं, कोणती हॅचरी किती लाख सोडते.

तिला म्हटलं, दोन्हीकडे जाऊन ये. किती लाख ते विचारत बसू नकोस, ते भिंतीवरच्या फलकावर लिहिलेलं असतं. मेमध्ये फाटक बंद केल्यावर हौदात किती उरले आणि त्यांचं काय केलं, एवढं विचार. मग जूनमध्ये गमबूट घालून खाली नदीत उतर आणि खाद्य टाकल्यासारखा हात हलव.