जुन्या कंपनीच्या फॉर्म १६ साठी थांबायचं, की २६एएसवर रिटर्न भरायचं?

ऑक्टोबरअखेर वाळूजची नोकरी सोडून मी घराजवळ, लातूरला आलो. जूनमध्ये नव्या ठिकाणचा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचं कंपनीने द्यायचं प्रमाणपत्र) मिळाला, जुन्याचा नाही. फोन केला की "सीएकडून आलेला नाही". शेवटी एसटीने गेलो, गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून दोन तास बसलो आणि रिकाम्या हाताने परतलो. म्हणून आता कोणी विचारलं, की मी आधी विचारतो: कागद हवाय कशासाठी?

रिटर्नसाठी हवा असेल तर थांबू नका. आयकर पोर्टलवरून २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) काढा. कोणी, किती पगारावर, किती टीडीएस (पगार देतानाच कापलेला कर) कापून भरला हे त्यात दिसतं. फॉर्म १६ च्या भाग अ मध्येही मुख्यतः हेच असतं. भाग ब मधली पगाराची फोड मात्र सॅलरी स्लिपवरून जुळवावी लागते. स्लिपा नसतील तर बँकेत जमा झालेल्या पगारात पीएफ, टीडीएस आणि व्यवसाय कर (दरमहा २००, फेब्रुवारीत ३००) मिळवा. कँटीन किंवा ॲडव्हान्स कापला असेल तर तोही. पीएफ पासबुकावरून बेसिकचा अंदाज येतो, पण जपून. तुमच्या हिश्शाचे १,८०० दिसत असतील तर पीएफसाठी १५,००० धरलेत एवढंच कळतं. खरा बेसिक जास्त असू शकतो.

या वाटेवर माझ्यासारखे बरेच जण एका जागी अडकतात. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या हिशोबात स्टँडर्ड डिडक्शन (नव्या करप्रणालीत ७५,०००, जुन्या प्रणालीत ५०,०००) आणि खालचे स्लॅब पूर्ण धरलेले असतात. दोन्ही पगार एकत्र केले की कर निघतो, कधी त्यावर व्याजही. नव्या कंपनीत रुजू होतानाच जुना पगार लेखी कळवला, तर हा बोजा एकदम अंगावर येत नाही.

गृहकर्जासाठी हवा असेल तर गोष्ट वेगळी. बँका बहुधा दोन वर्षांचे फॉर्म १६ मागतात आणि नुसत्या २६एएसवर प्रत्येक मॅनेजर ऐकतोच असं नाही. तिथे कंपनीचा पिच्छा पुरवावाच लागतो, पण हेलपाटे घालून नाही, लेखी. एचआर आणि अकाउंट्स दोघांना एकच मेल करा: पॅन, एम्प्लॉयी कोड, शेवटचा कामाचा दिवस, आर्थिक वर्ष. उत्तर नाही आलं तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र. टीडीएस कापला असेल तर वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत फॉर्म १६ देणं कंपनीला बंधनकारक आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या आर्थिक वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात उशिराला दिवसाला ५०० रुपये दंड आहे, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. भाग अ ट्रेसेसवरून (आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून) कंपनीच उतरवू शकते, तुम्ही नाही. करच कापला नसेल तर मात्र फॉर्म १६ चा आग्रह धरता येत नाही. स्लिपा आणि अनुभवपत्र मागा.

ठेकेदाराकडून काम केलेल्यांनी २६एएसमधलं नाव नीट बघावं. ज्या गेटातून रोज आत गेलात त्या कंपनीऐवजी तिथे ठेकेदाराचं नाव असतं. मग मागायचंही त्याच्याकडेच. कलमही बघा (हे नंबर १९६१ च्या कायद्यातले). १९२ असेल तर पगार. १९४सी किंवा १९४जे असेल तर मिळेल तो फॉर्म १६ए, आणि पगारदाराचं स्टँडर्ड डिडक्शन त्या रकमेवर धरता येत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे स्लिपवर टीडीएस कापलेला, पण २६एएसमध्ये नाही. मग दोन्ही वाटा अडतात. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ तसंच सांगतं. तरी मागणीची नोटीस येऊ शकते. त्या वेळी कामाला येते ती स्लिपच. ती आणि बँक स्टेटमेंट जोडून आयकर कार्यालयात लेखी तक्रार द्या.

माझ्या पत्रानंतर नवव्या दिवशी मेलवर पीडीएफ आली. रिटर्न मी त्याआधीच २६एएसवरून, ३१ जुलैच्या आत भरलं होतं. स्लिपा मात्र सातपैकी पाचच हाती होत्या, कारण कंपनीचं लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद झालं होतं. तुम्ही अजून नोटीस पिरियडमध्ये असाल तर आज घरी जाण्याआधी सगळ्या स्लिपा स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.