जागलीवर ऐकलेलं ‘द ब्लेड इटसेल्फ’ आणि स्टीव्हन पेसीचा आवाज

हरभऱ्याला घाटे लागले की आमच्याकडे रात्रीची झोप संपते. टिपेश्वरचं जंगल जवळ आहे, डुकरं पण येतात आणि रोही म्हणजे नीलगाय पण, आणि एक रात्र वावर मोकळं सोडलं तं सकाळी अर्धा एकर लोळवलेला दिसते. म्हणून जागल. मचानीवर एक गोधडी, बॅटरी, वाजवायला पत्र्याचा डबा आणि कानात ऑडिओबुक, एवढ्यावर मी या हंगामात दोन महिने काढले आणि त्यातल्या बहुतेक रात्री एकाच मालिकेवर गेल्या. ओळखीतले पोट्टे विचारत राहतात की इंग्रजी डार्क फँटसी ऐकायची तं सुरुवात कुठून करू, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो.

पुस्तक आहे जो ॲबरक्रॉम्बीचं ‘द ब्लेड इटसेल्फ’, २००६ चं, ‘द फर्स्ट लॉ’ नावाच्या तीन भागांतला पहिला. दुसरा २००७ मध्ये आला आणि तिसरा २००८ मध्ये. तिन्ही वाचलेत स्टीव्हन पेसी या ब्रिटिश नटानं. पहिला भाग जवळपास २२ तासांचा आहे, दुसरा पण तेवढाच. माझे पहिले दोन पूर्ण ऐकून झाले, तिसरा चालू आहे, त्यामुळं जे सांगतो ते दोन भागांबद्दल.

डार्क फँटसी म्हटलं की आपल्याकडे लोकांना भुताची गोष्ट वाटते, तसं नाही. राजे आहेत, जादूगार आहेत, लढाया आहेत, पण ज्याच्यावर भरवसा टाकावा असा धुतल्या तांदळासारखा माणूस कोणीच नाही. चांगला वाटणारा माणूस वेळेवर वाईट वागते आणि वाईट माणसाची तुम्हाला कीव यायला लागते. इथं मुख्य माणसं तीन. लोगन नाइनफिंगर्स, उत्तरेकडचा लढवय्या, हाताचं एक बोट गेलेलं, आयुष्यभर माणसं मारून थकलेला. जेझाल, पैशावाल्या घरचा घमेंडी फौजी अधिकारी, तलवारबाजीच्या स्पर्धेची तयारी करते पण मेहनतीचा कंटाळा. आणि ग्लोक्टा. हा एकेकाळी त्याच स्पर्धेचा विजेता होता, मंग शत्रूच्या कैदेत दोन वर्षं छळ सोसून परत आला, पाय निकामी, तोंडातले दात तोडलेले, आणि आता तोच सरकारकडून कैद्यांचा छळ करून कबुली काढून घेते. या सगळ्यांना एकत्र ओढणारा बायाझ नावाचा म्हातारा जादूगार आहे, त्याच्याबद्दल मी काहीच सांगत नाही, तुमचं तुम्ही ऐका.

ग्लोक्टासाठी तरी हे पुस्तक वाचण्यापेक्षा ऐकावं असं माझं पक्कं मत झालं. हा माणूस तोंडानं एक बोलते आणि मनात दुसरंच चालू असते. पेसी त्याचं तोंडचं बोलणं थोडं बोबडं करते, दात नसल्यावर हवा सुटते तसं, आणि मनातलं बोलणं एकदम स्वच्छ, धारदार. कुठंही ‘तो मनात म्हणाला’ असं सांगावं लागत नाही, आवाजावरूनच कळते. माझ्या आजोबांना लकवा मारला होता. शेवटची चार वर्षं त्यांचे शब्द असेच घसरत निघायचे आणि पाहुणे आले की त्यांच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायचे, पण त्यांचं डोकं शेवटपर्यंत चोख होतं, कोणत्या धुऱ्यावरून कोणाशी भांडण झालं आणि कोणाकडे किती उसने बाकी आहेत सगळं पाठ. आत काय चालू आहे ते आम्हाला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. ग्लोक्टाला सगळ्यात जास्त चीड जिन्यांची आहे, एक एक पायरी त्याला लढाईसारखी, आणि पेसी ती पायरी चढतानाचा श्वास असा घेते की मला आमच्या दाराच्या दोन पायऱ्या आणि आजोबांचा भिंतीला धरलेला हात आठवला. मी तिथं पुस्तक थांबवलं, थोडा वेळ तसाच बसलो आणि मंग पुन्हा लावलं. छळ करणाऱ्या माणसासाठी असं वाटावं हे लेखकाचं श्रेय आहेच, पण अर्ध्याच्या वर श्रेय मी वाचणाऱ्याला देतो.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. लोगन आणि त्याचे उत्तरेकडचे साथीदार, डॉगमन वगैरे, यांना पेसीनं उत्तर इंग्लंडची बोली दिली आहे. राजधानीतले सरदार, अधिकारी सगळे चोपडं इंग्रजी बोलतात आणि हे लोक रांगडं, शब्द चावून, तोडून. सुरुवातीला मला हे समजायला जड गेलं, मी वेग ०.९ वर आणून ऐकलं, दोन-तीन तासांत कान बसला. आणि मंग लक्षात आलं की या बोलीवर कुठंच हसू नाही. सगळ्यात जास्त दुःख, पश्चात्ताप, मेलेल्या दोस्तांची आठवण, थंडीत शेकोटीपाशी बसून केलेलं शहाणपणाचं बोलणं, ते सगळं याच रांगड्या बोलीत येते. पुस्तकातला सगळ्यात खोल माणूस गावठी बोलते आणि ऐकणारा त्याचं खरं मानते.

आपल्या मालिका-सिनेमांत वऱ्हाडी बोली आली की समजून जायचं आता विनोद येणार. घरचा गडी, गावाकडून आलेला मामा, भोळा पोलीस. वऱ्हाडी बोलणाऱ्याला भीती वाटते, त्याचं कोणी मरते, त्याच्या मनात रात्री दोन वाजता काहीतरी वाईट येते, हे जसं काही शक्यच नाही. आमची आजी चकव्याची गोष्ट सांगायची, वावरातून घरी निघालेला माणूस रात्रभर त्याच एका बोरीला फेऱ्या मारते आणि सकाळी तिथंच सापडते, एवढीच गोष्ट. आवाज चढवायची नाही, डोळे मोठे करायची नाही, हातात वाती वळत सांगायची, ‘मंग त्यानं पाह्यलं तं तीच बोर’. एवढ्या चार शब्दांनी अंगावर काटा यायचा, आणि ती गोष्ट तिनं पुस्तकी मराठीत सांगितली असती तं आला नसता असं मी छातीठोक सांगतो.

एका रात्री बाबा जागलीवर सोबत होते, लाइन रात्रीची होती म्हणून मोटर चालू करायला आले आणि तिथंच थांबले. मी फोनच्या स्पीकरवर बारीक आवाजात लावलं. त्यांना इंग्रजी येत नाही, चौथी शिकलेले आहेत. लोगनचा प्रसंग होता, शेकोटीपाशी बसून बोलण्याचा. थोड्या वेळानं म्हणाले, ‘कोठचा हाय बे हा? बोलण्यावरून तं कास्तकार वाटते.’ मी म्हटलं लढाई करणारा आहे. तं म्हणाले, ‘मंग थकला हाय तो.’ एक शब्द न समजता. ऑडिओबुक वाचणाऱ्याला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.

लोगनच्या आत अजून एक माणूस आहे, लढाईत तो बाहेर येते, त्याचं नाव ब्लडी नाइन. पहिल्या भागात शेवटी शेवटी तो येते तेव्हा पेसीचा आवाज बदलते. ओरडण्यानं नाही, लोगनच्या आवाजातली माया निघून जाते आणि जे उरते ते ऐकवत नाही. मी तेव्हा मचानीवर एकटा होतो, धुक्यात काही दिसत नव्हतं, आणि तुरीत खसखस झाली. रोही होती, नंतर बॅटरीत दिसली. पण त्या एका मिनिटात मी कानातून वायर काढून टाकली होती हे खरं आहे. अशा जागेवर दुसरा कोणी असता तं त्यानं मागं ढोल-ताशे लावले असते. इथं पूर्ण २२ तास फक्त एक माणूस आणि त्याचा गळा.

कमी काय ते पण सांगतो. गोष्ट हळू आहे. पहिला भाग संपतो तेव्हा प्रवास कुठं सुरू होते, म्हणजे २२ तास माणसं गोळा करण्यातच गेले, ज्याला पानापानावर घडामोड पाहिजे तो कंटाळेल. मला ते चाललं कारण जागलीला घाई नसते. बाया फार कमी आहेत, आणि फेरो ही दक्षिणेकडची सूडानं पेटलेली बाई चांगली असून तिला पेसी सारखं गुरगुरत वाचते, तिच्या आवाजात दुसरा रंग यायला दुसऱ्या भागाचा अर्धा प्रवास जावा लागते. जेझालच्या तोऱ्याचा पण सुरुवातीला कंटाळा येते, तिथं टिकून राहा, त्या पोट्ट्याचं पुढं काय होते ते ऐकण्यासारखं आहे. आणि छळाचे प्रसंग खरोखर कठीण आहेत, दात, बोटं, सगळं. घरात लेकरं असतील तं स्पीकरवर लावू नका, आणि मन आधीच खाली असेल तेव्हा पण नको.

दुसऱ्या भागात ग्लोक्टाला डागोस्का नावाचं शहर शत्रूच्या वेढ्यापासून वाचवायला पाठवतात, तो सगळा भाग मला पहिल्या पुस्तकापेक्षा पण आवडला. पैसा नाही, माणसं फितूर, वरून मदत येत नाही आणि तरी शहर धरून ठेवायचं. मी तो भाग सलग तीन रात्री ऐकला, एक रात्र तं लाइन गेलेली कळलीच नाही.

याच्याआधी मी ‘मलाझान’ची मालिका धरली होती, दहा भागांची, पहिलं पुस्तक १९९९ चं. ती छापील वाचणाऱ्यासाठी मोठी असेल, पण कानानं ऐकताना पहिल्या तासातच इतकी नावं येतात की मागं जाऊन पाहायला पान नसते. आणि तिसऱ्या भागानंतर तिथं वाचणारा बदलते, राल्फ लिस्टरच्या जागी मायकल पेज येते. दोघंही चांगले असतील, पण ज्या माणसाला तुम्ही साठ-सत्तर तास एका आवाजात ओळखलं तो अचानक दुसऱ्या आवाजात बोलायला लागला तं घरात कोणी परका शिरल्यासारखं होते. मी अजून तिथंपर्यंत पोचलो नाही, पण हे कळल्यावर पुढं जायची हिंमत होत नाही. दुसरं उदाहरण रॉय डॉट्रिसचं, त्यांनी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ वाचताना २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले म्हणून गिनीजमध्ये नाव आहे. मोठंच काम आहे ते, मान आहे. पण मला २२४ पेक्षा ते चार-पाचच आवाज जास्त पटले जे डोळे मिटल्यावर पण समोर बसून राहतात.

मराठीत काय आहे हे लोक विचारतीलच. भयकथा भरपूर आहेत, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तो वाचक घडवून ठेवला आहे, आणि मराठी ऑडिओबुकं पण आता चांगली निघतात. पण मी ऐकलेल्या बऱ्याच भयकथांमध्ये मागून दाराचा करकर आवाज, घुबड, वारा असं एवढं भरून ठेवलेलं की वाचणाऱ्याचे शब्दच दबतात. ज्यानं रात्री वावरात खरं घुबड ऐकलं आहे त्याला रेकॉर्डिंगमधलं घुबड लगेच खोटं कळते. पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं पाहा, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्रभर नाटक करतात आणि मागच्या तट्ट्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईपर्यंत आवाज पोचवतात. असा गळा असलेले नट आपल्याकडे आहेत. त्यातल्या एखाद्यानं वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, मागं काही न वाजवता, एक लांबलचक काळी गोष्ट वाचली तं मी पहिल्या दिवशी पैसे भरीन आणि आमच्या गावातले अजून दहा जण भरतील.

आता कामाचं. आमच्या वावरात नेटवर्क येत नाही, त्यामुळं गावात चौकात उभं राहून आधीच डाउनलोड करून न्यावं लागते, एक भाग साधारण ६०० एमबीच्या घरात जाते. मागच्या वर्षी एका ॲपनं माझं डाउनलोड केलेलं पुस्तक परत नेट मागितल्याशिवाय उघडलंच नाही आणि सगळी रात्र कोरडी गेली, म्हणून घरून निघायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुस्तक चालते का ते पाहून घ्या. जागलीवर दोन्ही कानांत घालू नका. एकच कान, दुसरा वावरासाठी. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू केलं की एका कानात सगळं येते, काही सुटत नाही. वायरवाला इअरफोन घ्या, त्याला चार्जिंग लागत नाही. इंग्रजी मध्यम असेल तरी चालते, लोगनची प्रकरणं सोपी आहेत, छोटी वाक्यं, ग्लोक्टाची थोडी जड. पहिले तीन तास द्या, ग्लोक्टाचं पहिलं प्रकरण झाल्यावरही आवाज पटला नाही तं सोडून द्या.

तिसरा भाग पहिल्या दोन्हींपेक्षा लांब आहे. हरभरा सोंगायला अजून बारा-पंधरा दिवस आहेत, मी हिशोब करून रात्री दोनच तास ऐकून राहिलो.